स्टेशनची लिफ्ट : सात महिने रोज वापरल्यावर

मुंबई उपनगरातलं एक स्टेशन. नाव लिहीत नाही, लोकलने फिरणाऱ्या बऱ्याच जणांना ते आपलंच वाटेल. माझ्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला. कॅलिपर, म्हणजे पायाला पट्ट्यांनी बांधायचा लोखंडी आधार, आणि एक कुबडी, एवढ्यावर सव्वीस वर्षं फोर्टातल्या नोकरीला जातेय. आमच्या फलाटावर लिफ्ट सुरू होऊन सात महिने झाले. रविवार सोडला तर रोज दोनदा तिच्याशी गाठ पडते, म्हणून लिहायला बसले.

आधी वाट बघण्याबद्दल, कारण तो काळ वापराच्या काळापेक्षा कितीतरी मोठा. फलाटावर लिफ्टच्या कामाभोवती पत्रे लागले तेव्हा माझी पुतणी सातवीत होती. लिफ्ट चालू झाली तेव्हा ती दहावीची परीक्षा देऊन निवांत बसली होती. मधल्या काळात त्या पत्र्यांच्या फटीतून मी बांधकामाचं बरंच शिक्षण घेतलं. खड्डा खणला तर खाली केबली निघाल्या. त्या हलवायला वेगळ्या खात्याची माणसं लागतात, आणि ती यायला त्यांचा वेळ लागतो. तेवढ्यात पाऊस आला. खड्ड्याचं तळं झालं, पंप लागला, पंप बंद पडला. मग म्हणे ठेकेदार बदलला. सांगाडा उभा करायची वेळ आली तर डोक्यावर २५,००० व्होल्टची तार. तिचा वीजपुरवठा तोडल्याशिवाय क्रेन फिरवता येत नाही, म्हणजे रात्री किंवा रविवारी गाड्या थांबवून कामाला दिलेला वेळ, ब्लॉक, हवा, आणि त्या ब्लॉकसाठी रुळांची, पुलांची, सिग्नलची कामंही रांगेत उभी. हे सगळं बघितल्यावर उशिराला नुसता आळस म्हणायला माझी जीभ धजत नाही.

पण एका गोष्टीसाठी मी कुणालाच माफ केलेलं नाही. लिफ्टच्या खड्ड्यासाठी शेजारचा जिनाही बंद केला होता. उरला तो फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाचा जुना पूल. सेहेचाळीस पायऱ्या वर, तेवढ्याच खाली, कठडा एका बाजूला तुटका. पत्र्यांमुळे फलाट इतका चिंचोळा झालेला की जलद गाडी जाताना मी कुबडी पोटाशी धरून पत्र्याला पाठ लावून उभी राहायचे. ज्यांच्यासाठी लिफ्ट बांधायची ती माणसं काम चालू असताना कुठून चढणार, हा प्रश्न बहुधा कुठल्या कागदावर नव्हताच.

आता लिफ्ट. चांगली आहे, मोकळेपणाने सांगते. तेरा माणसांची, दार रुंद, व्हीलचेअर सरळ आत जाते. बटणं बसलेल्या माणसाच्या हाताला येतील एवढ्या खाली आणि त्यांवर ब्रेल. मजला बोलून सांगते, तेही मराठीत. दार सावकाश मिटतं. त्यावर इतर लोक वैतागतात, मी नाही. पहिल्या आठवड्यातच फरक कळला. संध्याकाळी कॅलिपर सोडताना मांडीवर पट्ट्याचा लाल वळ दिसायचा, तो दिसेनासा झाला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी ऑफिसातून येताना भाजी घेऊन आले. पिशवी धरायला हात मोकळा होता म्हणून नव्हे, अंगात त्राण उरलं होतं म्हणून.

सरकत्या जिन्याबद्दल इथेच बोलून टाकते. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टनच्या, म्हणजे आताच्या प्रभादेवीच्या, जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ जीव गेले. त्यानंतर पूल आणि सरकते जिने यांचा बराच बोलबाला झाला. गर्दी हलवायला ते हवेतच. पण माझा लोखंडात अडकवलेला पाय हलत्या पायरीवर वेळेत पडत नाही, आणि व्हीलचेअरवाल्याने तर तिकडे बघूच नये. 'दिव्यांगांसाठी सोयी' अशा यादीत सरकते जिने मोजलेले दिसले की मला हसू येतं.

लिफ्टचा खरा त्रास तिच्या बाहेर आहे. सकाळी सव्वाआठ ते साडेनऊ तिच्यापुढे रांग असते आणि रांगेत धडधाकट पोरं असतात, कानात इअरफोन. माझी कुबडी बघून जागा देतात, 'ताई, या पुढे' म्हणतात. पण गुडघे गेलेल्या आजींना कोणी देत नाही, कारण गुडघे दिसत नाहीत. आमचे लिफ्टमनमामा आजींना हात धरून आत घेतात, तेव्हा मागून कुरकुर ऐकू येते. मामा जेवायला गेले की लिफ्टला कुलूप. रात्री दहानंतरही कुलूप. गाड्या तर मध्यरात्रीपर्यंत धावतात! मार्च अखेरीला ऑफिसात उशीर झाला की माझा तोच जुना पूल आणि त्याच सेहेचाळीस पायऱ्या.

बंद पडण्याचं म्हणाल तर, घरच्या कॅलेंडरवर मी फुल्या मारते. एका महिन्यात नऊ फुल्या झाल्या, दोन महिने एकही नाही. यंत्र आहे, बिघडणारच. पण ते बिघडलंय हे कळतं कधी? फलाटावर उतरून, गर्दी ओसरेपर्यंत थांबून, दारापाशी पोचल्यावर. तिथे पुठ्ठ्यावर खडूने 'बंद'. हेच गाडीत बसायच्या आधी कळलं असतं तर मी अलीकडच्या स्टेशनला उतरून रिक्षा केली असती. फलाटावर दिवसभर घोषणा चालू असतात, त्यात एक वाक्य वाढवायला कुठला ब्लॉक लागत नाही. मी दोनदा लेखी तक्रार केली. दोन्ही वेळा क्रमांक मिळाला आणि पुढे 'तक्रारीचे निराकरण झाले' असा मेसेज आला, त्या दिवशी लिफ्ट बंदच होती.

आणि त्या तीन पायऱ्या. लिफ्टने पुलावर जाता, पुलावरून पूर्वेच्या लिफ्टने खाली उतरता, दार उघडतं, आणि रस्ता तीन पायऱ्या खाली. उतार पश्चिमेला आहे, बरा आहे, मात्र त्याच्या तोंडाशी मोटरसायकली लावलेल्या असतात. पहिल्या दिवशी व्हीलचेअरवरचा एक तरुण त्या तीन पायऱ्यांपाशी थांबलेला बघितला. चार जणांनी त्याला उचलून खाली ठेवलं. तो काही बोलला नाही.

गाडीच्या बाजूलाही तेच. दिव्यांगांच्या डब्याच्या जागी भोंगा पीं पीं वाजतो, त्यामुळे दृष्टिहीनांनाही जागा सापडते. सोय उत्तम. पण लिफ्ट फलाटाच्या मध्यावर आणि तो डबा लांब, तेवढं अंतर गर्दी कापत जायचं. शिवाय फलाट उंच केले तरी डबा आणि फलाट यांच्यातली फट पूर्ण गेलेली नाही. २०१४ला सुरू झालेल्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोत शिरताना फलाट आणि डब्याची जमीन जवळजवळ एका पातळीत लागते, लिफ्टही सुरुवातीपासून आहे. तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा कुबडी सवयीने उचलली आणि उगाच ठेचकाळले. नव्याने बांधताना जे सहज होतं ते शंभर-दीडशे वर्षं जुन्या मार्गावर बसवणं कठीण, हे कळतं.

कायद्याचं विचाराल तर दिव्यांग हक्क कायदा २०१६चा आहे. नियम झाल्यापासून पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारती सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा, करायच्या, असं त्यात आहे, आणि त्या व्याख्येत रेल्वे स्टेशनही येतं. नियम जून २०१७चे. हिशोब तुम्हीच करा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगमतेचे निकष नुसत्या शिफारशीपुरते ठेवून चालणार नाही, सक्तीचे नियम करा.

कुणी विचारलं, लिफ्ट कशी आहे, तर मी पाचपैकी साडेतीन देईन. दीड गुण त्या तीन पायऱ्यांचा आणि खडूच्या पुठ्ठ्याचा गेला. वापरायची असेल तर सकाळी आठच्या आत जा, मामांना आधी नमस्कार करा, आणि पूर्वेला उतरायचं असेल तर सोबत कुणीतरी घ्या. गेल्या सोमवारपासून समोरच्या फलाटावरही पत्रे लागलेत. तिथला जिना या वेळी अजून उघडा आहे. रोज गाडीत चढण्याआधी मान वळवून बघते.