रिसीव्हरवर दोन जागा उरल्या : मागे लावू की वर?

सात चॅनेलचा रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज सात स्पीकरांना वाटून देणारा डबा, घेतला, पाच स्पीकर आणि खर्जाचा सबवूफर जागेवर बसले, की हा प्रश्न येतोच. उरलेली जोडी सोफ्याच्या मागे लावून 7.1 करायचं, की छताला टांगून 5.1.2? (पहिला आकडा कानाच्या उंचीवरच्या स्पीकरांचा, दुसरा सबवूफरचा, तिसरा वरच्यांचा.) सात चॅनेलच्या बहुतेक रिसीव्हरांत अँप्लिफायरच सात, त्यामुळं 'दोन्ही करू' ही पळवाट बंद. मी आठ महिने पहिलं वापरलं, आता दीड वर्ष झालं दुसरं वापरतोय. रिसीव्हर तोच, खोली तीच, स्पीकरची जोडीसुद्धा तीच, मागची काढून वर चढवलेली. मोजायचं यंत्र माझ्याकडं नाही. पण इथं शेजारी मिरजेत तंबोऱ्याची जवारी कानानंच लावतात, दोरा केसभर इकडं-तिकडं सरकवून. तेव्हा कानावर थोडा भरवसा ठेवतो.

आधी खोली सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे. घर सांगलीत, गावभागात. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात तळमजला पाण्यात गेला आणि त्यानंतर टीव्ही कायमचा माडीवर आला. माडीला वर पत्रा, त्याखाली पीओपी, खोली अकरा बाय पंधरा. सोफा भिंतीला टेकलेला, तुमच्याकडंही असेल तसाच.

7.1 ची बाजू आधी, कारण ते वाईट नाही. उलट पहिल्या रात्री मी खूश होतो. 5.1 मध्ये सराउंडची, म्हणजे बाजूची, जोडी कानाच्या किंचित मागे, 110 ते 120 अंशांवर असते (नाकासमोर शून्य धरून). 7.1 मध्ये ती 90 ते 110 वर कानाच्या रेषेत येते आणि नवी जोडी 135 ते 150 वर, पाठीमागे. एखादी गाडी उजव्या कानाजवळून मागे गेली आणि डावीकडून बाहेर पडली, तर मधे कुठं टाका सुटत नाही. 5.1 मध्ये तो सुटतो, हे 7.1 ऐकल्यावर कळतं. वायरही सोपी. भिंतीच्या कडेनं केसिंग पट्टी ठोकली, काम झालं.

घोडं अडलं सोफ्यावर. मागचे स्पीकर मागे वाटायचे तर सोफ्यामागं तीन-चार फूट तरी जागा हवी. मी काटकसर करून अडीच फूट सोडली. पायांच्या जागी फरशीवर पिवळी टेप लावली, रिसीव्हरचा माईक लावून सेटिंग करून घेतलं. आठवड्यात त्या अडीच फुटांची गल्ली झाली. कपडे वाळत घालायचा स्टँड, पाहुण्यांच्या गाद्या, मुलीची सायकल. केर काढताना बायको सोफा मागं ढकलायची, आणि ढकललेला सोफा कुणी पुन्हा पुढं ओढत नाही. एवढ्याशा खोलीत अडीच फूट मोकळे सोडायचे, हे तिला पटणं शक्यच नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही पटत नव्हतं.

सोफा मागं गेला की सगळं बिघडतं. आवाजाला एक फूट कापायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. माईकनं पकडलेली अंतरं अडीच फुटांनी चुकली म्हणजे मागचा आवाज वेळेआधी पोचतो, आणि वर मोठाही लागतो. डाव्या टोकाला आई बसते. स्पीकर तिच्या कानापासून वीतभर. "अरे, कोण कुजबुजतंय मागनं?" असं तिनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा उठून खाली गेली. मग रोज रात्री आधी सोफा ओढायचा, टेपवर पाय जुळवायचे, मग सिनेमा. दोन महिन्यांनी मी टेपकडं बघणंच सोडून दिलं. एवढ्या एका गोष्टीवर माझा निकाल लागला.

वर लावायचा उद्योग मात्र एक अख्खा रविवार खाऊन गेला. नुसत्या पीओपीला स्पीकर टांगू नका, एकेक अडीच किलोचा आहे. आम्ही पीओपी कापून आतल्या लोखंडी अँगलला पट्टी मारली, तिला स्पीकर. जागा बसणाऱ्याच्या डोक्याच्या जराशी पुढं. पहिल्याच स्फोटाला पीओपी खरखरलं. सायकलच्या जुन्या ट्यूबचे वॉशर कापून पट्टीखाली सरकवले, तेव्हा शांत झालं. मेनूत अँप असाइन, म्हणजे उरलेले दोन अँप्लिफायर कुठल्या जोडीला द्यायचे ते, 'सराउंड बॅक'वरून (मागची जोडी) 'हाइट'वर (वरची जोडी) नेलं. हे विसरलात तर वरून चकार शब्द येत नाही आणि माणूस वायरीला शिव्या घालत बसतो.

छतावर आपटून आवाज खाली आणणारे स्पीकर मित्राकडून आणून पाहिले होते. सपाट, बेताच्या उंचीच्या स्लॅबखाली चालत असतील, आमच्याकडं वाटेतच पंखा. त्या पंख्याची कटकट टांगलेल्या जोडीलाही आहे. एप्रिल-मेमध्ये तो पाचवर असतो आणि वरचे बारीक आवाज घरघरीत जातात. पावसाळ्यात तर पत्राच इतका वाजतो की रिसीव्हर बंद केलेला बरा.

तरी रोजच्या वापरात फरक पडला तो वरच्या जोडीनंच. ओटीटीवर जे येतं ते बहुतेक 5.1, नाहीतर ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरचे आवाजही वेगळे देणारा डॉल्बीचा प्रकार. ॲटमॉसशिवायचं सुटं 7.1 मुख्यतः ब्लू-रे डिस्कवर, आणि त्या माझ्याकडं मोजून सहा. ॲटमॉस 7.1 वरही वाजतं, मागची जोडी गप्प बसत नाही. पण वरचं हेलिकॉप्टर कानाच्या उंचीवर उतरतं. आता ते वरच असतं, आणि सोफा भिंतीला टेकलेला असला तरी वरच असतं. मराठी मालिका स्टिरिओच, त्यांना दोन्ही सारखंच.

तुमचा हॉल लांब असेल, सोफा मधोमध आणि मागं जेवणाचं टेबल, तर मी कदाचित 7.1 च सांगेन. भाड्याचं घर असेल, घरमालक भोकं पाडू देत नसेल, तरीही. सोफा भिंतीला असेल तर मात्र ड्रिल आणा. मागच्या वायरी मी काढलेल्या नाहीत. टोकांना टेप गुंडाळून पट्टीत तशाच ठेवल्यात. फरशीवरच्या पिवळ्या टेपचा डाग काही अजून निघत नाही.