दोन उन्हाळ्यांनंतर आइस्क्रीमची फ्रँचायझी : फ्रीझर, दावा आणि दुसरी शाखा

गेल्या मे महिन्यात ऐन लग्नसराईत आमच्या दुकानातील मोठा डीप फ्रीझर बंद पडला, आतला माल गेला आणि फ्रँचायझी देणाऱ्या कंपनीने नुकसानभरपाईचा दावा फेटाळला. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्ह्यात आइस्क्रीम पार्लरची फ्रँचायझी, म्हणजे कंपनीच्या नावाने व तिच्या मालाचे दुकान, चालवण्याचा दोन उन्हाळ्यांचा अनुभव कधीतरी लिहायचा होताच, त्या दाव्यामुळे तो आता लिहीत आहे. फी किती, रॉयल्टी (कंपनीला द्यायचा वाटा) किती टक्के, जागा किती फूट, ही माहिती प्रत्येक कंपनीच्या माहितीपत्रकात असते, म्हणून ती येथे देत नाही. माहितीपत्रकात नसलेले लिहितो, आणि त्यात पहिला मान दाव्याच्या नियमाचा, कारण माझ्या मते कोणत्याही फ्रँचायझीची पारख त्या एका नियमावर होते.

नियम असा आहे : फ्रीझर बिघडून माल खराब झाला, तर २४ तासांच्या आत कंपनीच्या अॅपवर छायाचित्र टाकायचे, आणि मालाचा बॅच क्रमांक व फ्रीझरवरील तापमानाचा आकडा एकाच छायाचित्रात दिसला पाहिजे. आमच्या फ्रीझरमध्ये जळाला होता तो नेमका तापमान दाखवणारा कंट्रोलर. आकडा उमटायची पट्टी पूर्ण काळी पडली होती. त्या काळ्या पट्टीचे छायाचित्र ‘पुरावा अपूर्ण’ असा शेरा मारून परत आले. मग स्वतंत्र थर्मामीटर आत ठेवून दुसरे छायाचित्र पाठवले. तो थर्मामीटर कंपनीने प्रमाणित केलेला नाही म्हणून तेही नाकारले गेले. म्हणजे फ्रीझर अर्धवट बिघडला तर भरपाई मिळते आणि पूर्ण बिघडला तर मिळत नाही, असा या नियमाचा अर्थ होतो. तो लिहिणाऱ्याने वीज गेलेल्या दुकानात एकदाही उभे राहून पाहिलेले नसावे.

हा मुद्दा मी इतका लावून धरतो त्याला कारण आहे. आइस्क्रीम उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानाला ठेवावे लागते. तापमान वर चढले की त्यातील अगदी बारीक बर्फकण वितळतात, आणि फ्रीझर पुन्हा थंड झाल्यावर ते पाणी मोठ्या कणांच्या रूपात गोठते. वरून पाहता माल ठीक दिसतो, पण झाकणाच्या आतून बर्फाचा पातळ पापुद्रा धरलेला असतो, कपातला माल कडांपासून सुटून आक्रसलेला असतो आणि चव पाणचट लागते. आधीच्या उन्हाळ्यात, बिघाड नसतानाही, वीज वारंवार गेल्यामुळे असे काही कप ग्राहकांपर्यंत पोहोचले होते. एका वयस्क शेतकऱ्याने दोन चमचे खाऊन कप काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, “भाऊ, दाताले रेतीवानी लागते हे.” त्यांनी पैसे परत मागितले नाहीत, पण त्यांच्यासोबतची नातवंडे त्या दिवशी काही न खाता गेली. तालुक्याच्या गावात गिऱ्हाईक ओळखीचे असते, आणि ते तक्रार कंपनीच्या नावाने करत नाही, दुकानदाराच्या नावाने करते.

मे महिन्यात दुरुस्ती करणारा माणूस नागपूरहून यायचा होता आणि तो येईपर्यंत सगळा माल फेकावा लागला. कंपनीने फ्रीझर बनवणाऱ्याकडे बोट दाखवले, त्याने आमच्या स्टॅबिलायझरकडे. लग्नाची एक मोठी ऑर्डर डोक्यावर होती. ती निभावली शेजारच्या तालुक्यातील त्याच कंपनीच्या दुसऱ्या दुकानदाराने, तेही एका फोनवर, थर्माकोलच्या खोक्यांत माल भरून. कंपनीच्या मदत क्रमांकापेक्षा आसपासच्या फ्रँचायझी दुकानदारांचे फोन क्रमांक अधिक उपयोगी पडतात, हे नवीन माणसाने करारावर सही करण्याआधीच मनावर घ्यावे आणि अशा निदान तीन-चार जणांना त्यांच्या दुकानात जाऊन भेटावे.

फ्रीझरविषयी आणखी एक. साध्या फ्रीझरची वीज गेली की थंडावा झाकण किती वेळा उघडले जाते यावर टिकतो. युटेक्टिक प्लेटचा फ्रीझर वेगळा असतो : त्याच्या भिंतींमधील प्लेटांत एक द्रावण असते, वीज असताना ते गोठते आणि वीज गेल्यावर हळूहळू वितळत कित्येक तास आतले तापमान धरून ठेवते. आपल्याकडे रात्री वीज बरी असते आणि दुपारी तिचा भरवसा नसतो, त्यामुळे विदर्भातील खेड्यांना हाच प्रकार सोयीचा आहे. कंपनीकडे तो उपलब्ध आहे, पण तो मोठ्या शहरांतील वितरकांना दिला जातो. घरगुती इन्व्हर्टरवर डीप फ्रीझर चालवण्याचा विचार कोणी करत असेल तर करू नये. कॉम्प्रेसर सुरू होताना जो झटका घेतो तो त्याला पेलत नाही.

आता ज्या गोष्टीबद्दल माझे मत पूर्ण बदलले ती सांगतो. कंपनी दर दोन तासांनी फ्रीझरचे तापमान वहीत लिहायला लावते आणि महिन्यातून एकदा ती वही तपासते. मला हा निव्वळ कागदी जाच वाटत असे. आमच्या काउंटरवर बी.कॉम. करणारी एक मुलगी आहे. ती वहीत तापमानासोबत वीज कधी गेली, कधी आली आणि त्या वेळी गर्दी होती का, हेही समासात लिहीत असे. पहिला उन्हाळा संपताना तिने ती पाने माझ्यासमोर ठेवली. तापमान सर्वांत जास्त चढत होते ते आठवडी बाजाराच्या दिवशी, वीज असतानासुद्धा, कारण दहा-दहा रुपयांच्या कपांसाठी मोठ्या फ्रीझरचे झाकण सारखे उघडले जात होते. “भाऊ, बाजाराच्या दिवशी छोटे कप त्या लहान फ्रीझरमध्ये टाकू, मोठा उघडायचाच नाही,” एवढेच तिने सुचवले. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणचट मालाची तक्रार जवळजवळ थांबली. फ्रीझर बंद पडला तेव्हा कंपनीपुढे ठेवायला आमच्याकडे जो एकमेव सलग पुरावा होता, तोही हीच वही.

त्यानंतर मी तिला एक अधिकार दिला : कोणाचा कप किंवा कोन खराब निघाला तर मला न विचारता लगेच बदलून द्यायचा आणि वहीत नोंद करायची. कंपनीच्या नियमात हे बसत नाही, म्हणून तो खर्च मी सोसतो. मी हिशेबाला कडक माणूस आहे, दिवसाची नाणीही मोजून घेतो, तरी या खर्चाबद्दल मला कधी वाईट वाटले नाही. मालक काउंटरवर नसतानाही ग्राहकाला न्याय मिळतो, हे कामावरच्या माणसाला आणि गावाला दोघांनाही दिसले पाहिजे.

काउंटरवरच्या माणसावर भरवसा ठेवण्याचा हा मुद्दा कंपनीलाही लागू होतो. बाजारासाठी आलेली खेड्यातील माणसे मुलांना घेऊन येतात, छोटा कप खातात आणि एसटीने किंवा काळी-पिवळीने घरी परततात. कंपनीचे टार्गेट मात्र फॅमिली पॅकवर. ४४ अंशांच्या उन्हात फॅमिली पॅक खेड्यापर्यंत टिकत नाही, हे एरिया मॅनेजरला सांगून मी थकलो. शेवटी मेडिकलवाल्याकडे इंजेक्शने ज्या थर्माकोलच्या खोक्यांत जेल पॅकसह येतात, ती रिकामी खोकी मी विकत घेऊ लागलो आणि फॅमिली पॅक त्यातून देऊ लागलो. खोके परत आणले की पैसे परत. विक्री वाढली. कंपनीची पहिली प्रतिक्रिया मात्र ‘ब्रँडचे पॅकिंग नाही’ अशी आली आणि परवानगी मिळाली ती तोंडी. फ्रँचायझी पद्धतीचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणून मॅक्डोनाल्ड्सचे नाव घेतले जाते. तेथील फिले-ओ-फिश हे माशाचे सँडविच १९६२ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटीच्या एका फ्रँचायझी चालकाने, लू ग्रोएन यांनी आणले, कारण त्यांचे कॅथलिक ग्राहक शुक्रवारी मांस खात नसत आणि त्या दिवशी धंदा बसत असे. बिग मॅक हे बर्गरही पिट्सबर्ग परिसरातील फ्रँचायझी चालक जिम डेलिगाटी यांचे; १९६७ मध्ये त्यांच्या दुकानात सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकाभर गेले. दुकानदाराला गिऱ्हाईक दिसत असते. त्याचे ऐकण्याची वाट कंपनीत नसेल, तर ती केवळ दुकानांची संख्या वाढवत राहते.

सही करण्याआधी कायद्याची बाजू समजून घ्यावी. अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला सविस्तर माहितीचा दस्तऐवज सहीच्या किमान १४ दिवस आधी द्यावा लागतो. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदाच नाही. सारा भार १८७२ च्या करार कायद्यावर आणि तुम्ही सही केलेल्या कागदावर असतो. आमच्या करारात दुसऱ्या कोणाची कुल्फीसुद्धा ठेवायला बंदी आहे. व्यापारावर बंधन घालणारा करार रद्दबातल ठरतो असे कोणी सांगेल, पण १९९५ मध्ये गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फ्रँचायझी चालू असतानाच्या काळातील असे बंधन मान्य केले आहे. करही पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून आइस्क्रीमवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आणि ग्राहकाला त्याचा फायदा झाला, परंतु रॉयल्टीवरचा १८ टक्के जीएसटी तसाच आहे.

हे लिहून ठेवले होते, तोच कंपनीचे आमच्या विभागाचे नवीन अधिकारी दुकानात आले. तापमानाची वही त्यांनी पानन् पान पाहिली, जळालेला कंट्रोलर हातात घेतला आणि दाव्याची निम्मी रक्कम मंजूर करून गेले. त्यामुळे कंपनीला दुकानदाराची काहीच पर्वा नाही, हे माझे आधीचे मत मी मागे घेतो. ऐकून घेणारा माणूस कंपनीत आहे. मात्र नियम अजून तोच आहे, आणि उद्या ते अधिकारी बदलून गेले तर पुढच्या दुकानदाराला पुन्हा काळ्या पट्टीचे छायाचित्र घेऊन भांडावे लागेल.

दुसरी शाखा बोरी अरबला काढली ती पहिल्या दुकानाचा गल्ला चांगला होता म्हणून नव्हे. दारव्ह्याचे दुकान माझ्याविना आठवडाभर नीट चालते, हे पाहिल्यावर काढली. तिथला कारभार आता ती मुलगी पाहते, पगारासोबत विक्रीवर ठरावीक टक्का घेते, आणि मी बहुतेक वेळ नव्या शाखेत असतो. विस्तार करणाऱ्याने आपल्या भागातील पैशाचे वेळापत्रक मात्र विसरू नये. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास येतो, कापसाचा त्यानंतर थंडीत. आइस्क्रीम खपते उन्हाळ्यात, जेव्हा शेतकऱ्याचा हात आखडलेला असतो आणि पुढच्या बियाण्याची चिंता सुरू झालेली असते. उन्हाळा तारून नेतात लग्नाच्या ऑर्डरी, म्हणून बिछायतवाले आणि आचारी यांच्याशी दिवाळीतच बोलून ठेवावे. दुसऱ्या शाखेसाठी कर्ज घेतले असेल, तर पावसाळ्याच्या चार महिन्यांचे हप्ते आधी बाजूला काढावेत.

पाच तारे असतील तर आजच्या घडीला मी मालाला चार, प्रशिक्षणाला चार आणि दाव्याच्या पद्धतीला एक देईन. कराराच्या नूतनीकरणाचा कागद आला आहे. त्यावर मी पेनाने दोन वाक्ये वाढवून परत पाठवला आहे : कंट्रोलर बंद असल्यास तापमानाची वही पुरावा म्हणून ग्राह्य धरावी, आणि बोरी अरबला युटेक्टिक फ्रीझर द्यावा, त्याची जादा अनामत भरायला मी तयार आहे. दुसऱ्या वाक्याला तोंडी होकार मिळाला आहे. पहिल्याचे उत्तर लेखी येईपर्यंत मी सही करणार नाही.