परदेशात डिझाइन विकताना कराची डोकेदुखी: कर भरून देणारा परदेशी प्लॅटफॉर्म अकरा महिने वापरल्यानंतर

हंगेरीतल्या कुणीतरी माझा 15 डॉलरचा डिझाइन संच घेतला आणि ज्या परदेशी प्लॅटफॉर्मवरून मी विकते त्याच्या हिशेबाच्या पानावर माझ्या नावासमोर आले 11.81 डॉलर. तेही कमिशन कापायच्या आधी. त्याच आठवड्यात जर्मनीच्या गिऱ्हाइकाचे 12.61 आणि अमेरिकेत ओरेगॉनमधल्या एकाचे पूर्ण 15. मला वाटलं, गंडवतायत आपल्याला. भावाला दाखवलं तर तो म्हणाला, "तूच तीन भाव लावलीस का बे?"

गंडवत कुणी नव्हतं. मी किंमत टाकताना 'करासकट' या पर्यायावर खूण केली होती. हंगेरीत व्हॅट 27 टक्के, जर्मनीत 19, आणि ओरेगॉनमध्ये विक्रीकरच नाही. तेव्हा 15 मधून ज्याच्या त्याच्या देशाचा कर आधी निघाला आणि उरलं ते माझं. हे कळायला मला दोन रात्री लागल्या. तुमच्या वाचाव्यात म्हणून हे लिहितेय.

थोडं माझ्याबद्दल. नायना (घरी आम्ही वडिलांना नायनाच म्हणतो) सोलापुरात अशोक चौकाजवळच्या कारखान्यात चादरीच्या नक्षीचे ग्राफ काढायचे. चौकडीच्या कागदावर एकेक घर रंगवून मोर उभा करायचा, मग त्यावरून जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, कार्डं पंच व्हायची. मी तेच काम कॉम्प्युटरवर करते. किनारी, कोयऱ्या, मोर, भरतकामाच्या मशीनला चालतील अशा फाइल. इकडचे कारखानदार थोडे घेतात. जास्त गिऱ्हाईक मात्र बाहेरचं, घरी भरतकामाचं मशीन असलेल्या हौशी बायकांचं.

आधी माझी स्वतःची साइट होती, तिला पेमेंट गेटवे जोडलेला. पैसे यायचे, फाइल जायची, सगळं छान. मग एका जर्मन बाईंनी मेल करून व्हॅटचं बिल मागितलं. मला व्हॅट म्हटलं की जीएसटीच्या आधीचा, 2017 पर्यंत दुकानाच्या बिलावर दिसायचा तो आठवला. शोधत गेले तर कळलं की 2015 पासून युरोपीय संघात डिजिटल वस्तूवर कर लागतो तो गिऱ्हाईक राहतं त्या देशाच्या दराने, आणि तो गोळा करून भरायची जबाबदारी विकणाऱ्याची. वर्षाला 10,000 युरोंपर्यंतच्या विक्रीला जी सवलत आहे ती तिथल्याच विक्रेत्यांना. सोलापुरात बसून विकणारीला पहिल्या युरोपासून कर. 27 देशांसाठी एकच नोंदणी चालते ही मेहेरबानी, पण गिऱ्हाईक कुठलं याचे पुरावे 10 वर्षं जपून ठेवायचे. ब्रिटन वेगळा, तिथे 20 टक्के आणि बाहेरच्या विक्रेत्याला तिथेही किमान मर्यादा नाही. गेटवे यातलं काहीच करत नाही, तो फक्त पैसे आणून देतो. मी त्या बाईंचे पैसे परत केले, फाइल राहू द्या म्हटलं आणि साइटवर युरोप बंद केला.

अमेरिकेत तर प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. 2018 मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने साउथ डकोटाच्या खटल्यात निकाल दिला की दुकान राज्यात नसलं तरी विक्रीकर मागता येतो. त्यानंतर बहुतेक राज्यांनी वर्षाला 1 लाख डॉलरसारख्या मर्यादा घातल्या. माझ्यासारखीला ती मर्यादा दूरच. पण डाउनलोडवर टेक्सास कर घेतं आणि कॅलिफोर्निया घेत नाही, हे लक्षात ठेवायला माझ्याकडे मुनीम नाही.

म्हणून मर्चंट ऑफ रेकॉर्ड पद्धतीच्या एका परदेशी प्लॅटफॉर्मवर गेले. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. पद्धत अशी: कागदोपत्री माझी फाइल गिऱ्हाइकाला विकतो तो प्लॅटफॉर्म. बिल त्याच्या नावाचं, कर तो गोळा करतो, तोच त्या त्या सरकारकडे भरतो, आणि महिन्याला मला एकरकमी पैसे देतो. म्हणजे माझ्या वहीत गिऱ्हाईक एकच, ती कंपनी. अकरा महिन्यांत एकाही परदेशी कराचा फॉर्म मी भरलेला नाही. बाकी काही नसतं तरी एवढ्यासाठी मी यांना चांगलं म्हटलं असतं.

आता कमिशन. विक्रीमागे 5 टक्के आणि वर 50 सेंट. हे 50 सेंट ऐकायला किरकोळ वाटतात. माझी सुटी फाइल 3 डॉलरची होती, त्यात 15 सेंट अधिक 50 सेंट, म्हणजे जवळजवळ 22 टक्के गेले! तीच गोष्ट 15 डॉलरच्या संचात साडेआठ टक्क्यांच्या आत बसते. दुसऱ्याच महिन्यात सुट्या फाइल काढून टाकल्या आणि सगळं संचात बांधलं. विक्रीची संख्या घटली, हातात पडणारे पैसे वाढले. ज्यांचा माल एक-दोन डॉलरचा आहे त्यांनी या वाटेला जाऊच नये.

किमतीचं मात्र बराच काळ जमेना. 'करासकट'चा धडा मिळाल्यावर मी सगळीकडे 'कर वेगळा' केलं. लगेच युरोपातली विक्री बसली. तिकडच्या लोकांना पाटीवर दिसतो तोच भाव द्यायची सवय, शेवटच्या पानावर 15 चे 19.05 झालेले बघून ते निघून जात. अमेरिकन माणसाला त्याचं काही वाटत नाही, त्यांच्याकडे दुकानातसुद्धा कर काउंटरवरच वाढतो. शेवटी युरोप आणि ब्रिटनला करासकट 18, अमेरिकेला कर वेगळा 15, असं ठेवलं. हंगेरीतून आता 14.17 येतात. चालेल.

याच खटाटोपात एक गोष्ट सापडली. 'कर वेगळा' असताना हंगेरीच्या विक्रीवर 5 टक्के कापले होते ते 15 वर नव्हे, 19.05 वर. म्हणजे जो कर माझ्या हातात कधी येतच नाही, त्यावरही कमिशन माझ्याकडून. फरक 20 सेंटचा, पण महिन्याच्या शंभरेक विक्रींत तो दिसतो. करारात बारीक अक्षरात लिहिलेलं आहे, तेव्हा फसवणूक म्हणता येत नाही. पण हे दराच्या पानावर ठळक लिहायला काय हरकत होती? सपोर्टला विचारलं, उत्तर गोड आलं आणि काही बदललं नाही. गिऱ्हाइकाला पैसे परत दिले तरी कमिशन परत मिळत नाही, तेही तिथेच कळलं.

सगळ्यात जास्त गोंधळ भारतातल्या गिऱ्हाइकांचा झाला, आणि यावर कुणी फारसं बोलत नाही. इचलकरंजीच्या एका कारखानदारांनी लिंकवरून संच घेतला. बिल आलं परदेशी कंपनीचं, डॉलरमध्ये. फोन आला, "अहो ताई, सोलापूरहून नक्षी घेतोय आणि बिल परदेशाचं? माझं इनपुट क्रेडिट कुठंय?" (इनपुट क्रेडिट म्हणजे खरेदीवर दिलेला जीएसटी आपल्या करातून वजा करणं.) बरोबर होतं त्यांचं. त्यांनी आपला जीएसटी नंबर टाकला नव्हता, त्यामुळे प्लॅटफॉर्मने किरकोळ गिऱ्हाईक समजून 18 टक्के लावले. नंबर टाकला असता तर रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरायच्या नियमाने, कर त्यांनाच भरावा लागला असता. त्या दिवशी प्लॅटफॉर्मवर भारत बंद केला. देशातली विक्री आता यूपीआयवर आणि माझ्या बिलाने. गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं असेल तर 9 टक्के केंद्राचे आणि 9 राज्याचे, बाहेरचं असेल तर आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी) 18. सुरतच्या मुलीने 199 रुपयांची फाइल घेतली की 168.64 माझे आणि 30.36 सरकारचे. अशा ऑनलाइन विक्रीत किरकोळ गिऱ्हाइकाच्याही बिलावर त्याचं राज्य लिहावं लागतं. माझ्या फॉर्मवर राज्याचा रकानाच नव्हता. रिटर्न भरायच्या आदल्या आठवड्यात मी पन्नासेक जणांना "आपलं राज्य कोणतं?" असे मेल पाठवत बसले. दोघांनी मला फ्रॉड समजून ब्लॉक केलं.

तुम्ही विचाराल, एवढ्याशा धंद्याला जीएसटी नंबर घेतलाच कशाला? खरंय. फक्त सेवा विकणाऱ्याला (डाउनलोडची फाइल सेवेतच मोडते) वर्षाला 20 लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, परराज्यात विकलं तरी. (चादर-टॉवेल कुरिअरने परराज्यात पाठवणाऱ्यांनी हा नियम स्वतःला लावू नये, मालाचं गणित वेगळं आहे.) एका कारखानदाराला जीएसटीचं बिल हवं होतं म्हणून मी घाईने नंबर घेतला. तो कारखानदार पुन्हा आलाच नाही. नंबर मात्र राहिला आणि एकदा घेतला की पहिल्या रुपयापासून कर, विक्री शून्य असली तरी रिटर्न. तिमाही पद्धत घेतली आहे म्हणून निभतंय: तिमाही संपली की 13 तारखेला एक, 22 ला दुसरं. उशीर झाला तर शून्य रिटर्नलाही दिवसाला 20 रुपये. परदेशातून बिल येणारं डिझाइनचं सॉफ्टवेअर वापरते, त्यावर रिव्हर्स चार्ज वेगळा. आधी रोख भरा, मग क्रेडिट घ्या.

तेव्हा लोक म्हणतात तसं 'प्लॅटफॉर्म कराचं सगळं बघतो' हे निम्मंच खरं. तो परदेशातलं बघतो. प्लॅटफॉर्मकडून मला येणारे पैसे ही माझी निर्यात आणि ती माझ्याच रिटर्नमध्ये दाखवायची. कर शून्य, पण त्यासाठी एलयूटी (कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र) भरलेलं हवं, नाहीतर आधी 18 टक्के भरा आणि मग परतावा मागत बसा. पोर्टलवर फुकट होतं, दोन साक्षीदारांची नावं लागतात, आणि ते दर आर्थिक वर्षाला नवं. मी विसरले. 9 एप्रिलला आठवलं, धावत भरलं, साक्षीदार म्हणून शेजारच्या काकू आणि भाऊ. प्लॅटफॉर्मचा हिशेब महिनाअखेरचा असतो म्हणून वाचले.

सीए सरांनी करारातला 'रिसेलर' हा शब्द बघून मग हे सगळं ठरवलं. तुमच्या करारात प्लॅटफॉर्म विकत घेणारा नसून नुसता एजंट असेल तर गणित उलटं होतं, त्याच्या कमिशनवरही रिव्हर्स चार्ज येऊ शकतो. करार छापून घेऊन जा. माझा 31 पानांचा होता, सरांनी चार पानं वाचली आणि चहा मागवला.

बँकेतही एक प्रकरण झालं. पहिले डॉलर आले तेव्हा शाखेतून फोन, "मॅडम, माल कुठल्या बंदरातून गेला? शिपिंग बिल आणा." फाइल इंटरनेटवरून गेली हे समजावायला दोन खेपा झाल्या. तिसऱ्यांदा नायना सोबत आले आणि त्यांनी साहेबांना जुनी पंच केलेली जॅकार्डची कार्डं दाखवून सांगितलं, "ही नक्षी. पूर्वी कार्डावर होती, आता वायरीतनं जाते." साहेबांना ते पटलं. परदेशातून पैसे आल्याचं बँकेचं सर्टिफिकेट आता दर महिन्याला मेलवर येतं, ते जपून ठेवा, निर्यातीचा पुरावा तोच.

किमान आठ-दहा डॉलरचा माल आणि बहुतेक गिऱ्हाईक बाहेरचं असेल तर घ्या. गिऱ्हाईक इथलंच असेल तर यूपीआय आणि साधं बिल पुरतं. मी पुढचं वर्षही यांच्याकडेच राहणार आहे, मुख्यतः 27 देशांच्या कराचा हिशेब ठेवायची माझी तयारी नाही म्हणून. करावरच्या कमिशनबद्दल सपोर्टकडे तक्रारीचं तिकीट चार महिन्यांपूर्वी टाकलंय. अजून उघडंच आहे.