पेशवे दफ्तरात ऑनर्सचा प्रकल्प: एका विद्यार्थिनीचा अभिप्राय

चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण मिळवणाऱ्यांना शेवटच्या वर्षी संशोधनाचा पर्याय घेता येतो आणि त्यातील प्रकल्पाला 12 श्रेयांक असतात. तो घेऊन मी थोरल्या माधवरावांच्या काळातील जकातीवर पुणे पुरालेखागारात, म्हणजेच पेशवे दफ्तरात, काम केले.

सुमारे 39 हजार रुमालांचा (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांचा) हा संग्रह पदवीच्या विद्यार्थ्यालाही हाताळता येतो, हीच मोठी जमेची बाजू. रियासतकार सरदेसाई यांनी संपादित केलेल्या 45 खंडांवर भागवावे, असे मला अनेकांनी सुचवले होते. परंतु ते खंड मूळ संग्रहाचा अगदी लहान अंश असल्याने एका परगण्याचे हिशेब पाहायचे तर रुमाल उघडण्याला पर्याय नाही. हे कागद ज्या लिपीत आहेत त्या मोडीचा वर्ग मी आधीच केला होता, तरी नमुन्याचे सुबक अक्षर वेगळे आणि कारकुनाने घाईत ओढलेली ओळ वेगळी. तिथे शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो. पहिल्या दिवशी चार तासांत मला जेमतेम नऊ ओळी लागल्या.

खरी फजिती मात्र सनांनी केली. ‘सबा सितैन मया व अलफ’ म्हणजे शुहूर 1167; शुहूर ही मराठी कागदांतील, अरबी संख्याशब्दांत लिहिली जाणारी कालगणना. इसवी सन काढण्यासाठी त्यात सरसकट 599 मिळवून मी सगळे कागद 1766 मध्ये बसवले. शुहूर वर्ष मृग नक्षत्र लागताना बदलते, त्यामुळे जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदांसाठी 600 मिळवावे लागतात, हे मला माहीत असूनही घाईत सुटले. रमजान महिन्याचा एक कागद जंत्रीशी (वेगवेगळ्या कालगणनांच्या तारखा जुळवून देणाऱ्या कोष्टकाशी) ताडताना तो 1767 च्या फेब्रुवारीतला निघाला आणि बारापैकी सात तक्ते पुन्हा लिहावे लागले.

तक्रार आहे ती माझ्या महाविद्यालयाच्या नियोजनाबद्दल. दफ्तर ज्या वेळेत उघडे असते नेमक्या त्याच वेळेत तासिका ठेवलेल्या, आणि मार्गदर्शकांना मोडी येत नसल्याने माझे वाचन तपासणार कोण, हा प्रश्न अखेरपर्यंत तसाच राहिला. (तपासले ते शेजारच्या टेबलावरील एका निवृत्त गृहस्थांनी, तेही विनामोबदला.) ज्यांना हा पर्याय घ्यायचा आहे त्यांनी मोडी तिसऱ्या वर्षीच शिकावी आणि विषय एका परगण्यापुरता, दोन-तीन वर्षांचा ठेवावा, मी दहा वर्षांचा ठरवला होता, प्रबंधात तीनच आली.