जिप्सीचा ट्रान्सफर बॉक्स: घरी बदलावा की गॅरेजकडे सोपवावा, आपलाच उघडावा की जुना आणावा?

मारुती जिप्सी बाळगणाऱ्या माणसासमोर हा प्रश्न बहुधा पावसाळा संपता संपता उभा राहतो. चार महिने ओढे आणि चिखल तुडवून झालेले असतात, आणि ऑक्टोबरच्या कोरड्या रस्त्यावर गाडी काढली की गिअरच्या लिव्हरमागून एक घुमणारी घरघर ऐकू येऊ लागते. एक जण म्हणतो ट्रान्सफर बॉक्स, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या व मागच्या चाकांकडे वाटणारा गिअरचा डबा, बदला, दुसरा म्हणतो बेअरिंग बदला, तिसरा भंगार बाजारातील ओळखीचा माणूस सुचवतो. हे पर्याय एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्यावर माझे जे मत झाले आहे ते आधीच सांगतो. बॉक्स गाडीतून काढणे आणि परत बसवणे ही घरी होण्यासारखी कामे आहेत, परंतु तो उघडणे हे घरचे काम नाही. आणि यांपैकी काहीही करण्यापूर्वी दोष खरोखर बॉक्समध्येच आहे याची खात्री करून घेतलीच पाहिजे.

घरी काम शक्य होते ते या गाडीच्या रचनेमुळे. डिसेंबर १९८५ मध्ये ९७० सीसीच्या इंजिनासह आलेली एमजी ४१० असो की १९९६ पासूनची १३०० सीसीची जिप्सी किंग (एमजी ४१३) असो, दोन्हींत ट्रान्सफर बॉक्स गिअरबॉक्सला चिकटलेला नसून त्याच्या मागे, चॅसीच्या मधोमध, तीन रबरी माउंटिंगवर स्वतंत्रपणे टांगलेला असतो. गिअरबॉक्समधून एक आखूड शाफ्ट त्यात येतो, आणि त्यातून एक शाफ्ट पुढच्या व एक मागच्या ॲक्सलकडे जातो. त्यामुळे गिअरबॉक्स, क्लच किंवा इंजिन यांना हातही न लावता हा डबा खाली उतरवता येतो.

आधी निदान

आवाज येतो म्हणून बॉक्स खराब, असे गृहीत धरून केलेला खर्च अनेकदा वाया जातो. पहिला संशय माउंटिंगवर घ्यावा. गाडीखाली जाऊन, लाकडी फळीचा आधार देऊन टॉमीने (लोखंडी पहारीने) बॉक्स किंचित उचलला की फाटलेले रबर लोखंडापासून सुटलेले स्पष्ट दिसते. असे माउंटिंग असेल तर क्लच सोडताना खाडकन दणका बसतो, लिव्हर झटका खातो आणि चढावर कधीकधी गिअर निसटतोही. अशा गाडीचा बॉक्स बदलूनही तक्रार तशीच राहील. दुसरा संशय क्रॉसवर, म्हणजे शाफ्टच्या टोकांच्या हलत्या सांध्यांवर. इंजिन बंद असताना प्रत्येक शाफ्ट हाताने मागेपुढे फिरवून, क्रॉसच्या टोपणांपाशी बोट ठेवून ढिलेपणा पाहावा. टोपणाभोवती विटकरी रंगाची कोरडी पूड दिसली तर त्या क्रॉसचे ग्रीस केव्हाच संपले आहे असे समजावे.

हे दोन्ही ठीक असतील तर पुढची परीक्षा. गाडी सपाट जागी उभी करून चारही चाकांना दगडाची किंवा लाकडाची उटी लावावी, ट्रान्सफरचा लिव्हर न्यूट्रलमध्ये घ्यावा, इंजिन सुरू करून गिअरबॉक्स तिसऱ्यात टाकावा आणि क्लच हळू सोडावा. गाडी हलत नाही, परंतु मधला शाफ्ट, बॉक्सचा इनपुट शाफ्ट आणि काउंटर गिअर फिरत राहतात. या वेळी गाडीखाली कोणीही असता कामा नये. आवाज केबिनमध्ये बसूनच ऐकावा. घरघर उभ्या गाडीतही आली तर दोष गिअरबॉक्समध्ये किंवा बॉक्सच्या इनपुट बाजूला आहे, आणि ती केवळ चालत्या गाडीत येत असेल तर आउटपुट शाफ्ट, मागचे-पुढचे शाफ्ट आणि डिफरन्शियल यांच्याकडे पाहावे लागते. जिप्सीच्या बॉक्समध्ये हाय रेंजलाही (नेहमीच्या वेगाच्या जोडीलाही; लो रेंज म्हणजे सावकाश, जास्त ओढीची जोडी) ताकद थेट पलीकडे जात नाही, ती दातांच्या जोड्यांमधूनच जाते, म्हणून इथले बेअरिंग घासले की आवाज कोणत्याही गिअरमध्ये लपत नाही.

शेवटी ऑईल. बॉक्समध्ये जेमतेम ०.८ लिटर ऑईल असते, ते स्टीलच्या परातीत काढावे आणि परात उन्हात तिरकी धरावी. सुरम्यासारखी बारीक करडी पूड तळाशी फिरताना दिसली तर ती वयाची खूण आहे. नखाला टोचेल अशी चकती किंवा कपची निघाली तर मात्र दात किंवा बेअरिंग तुटले आहे. ऑईल दुधाळ चहासारखे झाले असेल तर ओढ्यातून जाताना ब्रीदरमधून (बॉक्सच्या हवेच्या छिद्रातून) किंवा सीलमधून पाणी शिरले आहे. असा बॉक्स वेळेत सापडला तर ऑईल दोनदा बदलून आणि सील घालून वाचतोही.

घर आणि गॅरेज

घरी करण्याचा खरा फायदा मजुरी वाचण्यात आहे त्याहून अधिक तो प्रत्येक बोल्ट स्वतः पाहण्यात आहे. माझ्या गाडीचा बॉक्स एकदा बाहेरून बसवून आणला, आणि दोन दिवसांनी खाली वाकून पाहिले तर मागच्या फ्लँजचे, म्हणजे शाफ्ट जिथे बॉक्सला जोडतो त्या चकतीचे, दोन बोल्ट नुसत्या बोटांनी फिरत होते. हा शाफ्ट वेगात सुटला असता तर काय झाले असते याचा विचार आजही नकोसा वाटतो. गॅरेजकडे लिफ्ट किंवा खड्डा असतो, हाताखाली मुले असतात आणि प्रेस असते, परंतु जिप्सी आता नवीन विकली जात नसल्यामुळे तिच्या बॉक्सवर हात बसलेला मिस्त्री प्रत्येक गावात मिळेलच असे नाही.

घराच्या बाजूने पहिली अट जागेची आहे. मुंबई-पुण्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिथे ऑईलचा एक डागही चालत नाही आणि शेजारच्या गाडीपर्यंत दोन फूटही जागा नसते, हे काम करू नये. गावच्या घराचे फरसबंद अंगण किंवा काँक्रीटची पडवी मिळत असेल तर करावे. मातीच्या अंगणात जॅक आणि घोड्या (उचललेली गाडी पेलून धरणारे स्टँड) यांच्याखाली जाड फळ्या घातल्याच पाहिजेत. दुसरी अट सुरक्षिततेची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते: शाफ्ट सोडवले की गिअरमध्ये ठेवलेली गाडीही मोकळी होते, आणि ज्या गाड्यांत हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर बॉक्सच्याच मागच्या तोंडाशी असतो त्यांत हँडब्रेकही उरत नाही. म्हणून चाकांना उटी लावल्याशिवाय पहिला नट ढिला करू नये, आणि केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये.

काम दोघांना एक पूर्ण दिवस पुरते. आदल्या रात्री सगळे फ्लँज बोल्ट आणि माउंटिंगचे नट गंज सोडवणाऱ्या तेलाने भिजवून ठेवावेत, विशेषतः कोकणातील खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीत, नाहीतर अर्धा दिवस त्यातच जातो. ऑईल काढून, आतून लिव्हर सोडवून, स्पीडोमीटरची केबल आणि फोर व्हीलच्या दिव्याची वायर वेगळी करावी. ही वायर विसरली तर बॉक्स खाली येताना तुटतेच. प्रत्येक शाफ्ट आणि त्याचा फ्लँज यांवर पांढऱ्या रंगाची आडवी रेघ ओढून ठेवावी, म्हणजे शाफ्ट परत त्याच स्थितीत बसतो आणि नवी थरथर सुरू होत नाही. बॉक्स एकट्या माणसाला जमिनीवरून उचलता येतो, परंतु आडवे पडून छातीवर पेलण्यासारखा तो मुळीच नाही. त्याच्याखाली जॅक, जॅकवर फळी, आणि एक माणूस केवळ तोल सांभाळायला हवा.

आपला बॉक्स उघडावा की जुना विकत घ्यावा

मी स्पष्टपणे आपल्याच बॉक्सच्या बाजूने आहे. त्याचा इतिहास आपल्याला माहीत असतो. बेअरिंग, सील आणि ओ-रिंग नवीन घातली आणि दात शाबूत असतील तर हा सर्व दातांवर चालणारा, साखळी नसलेला डबा पुढची कित्येक वर्षे चालतो. यासाठी फ्लँजचे नट सोडवावे लागतात, बेअरिंग पुलरने ओढून प्रेसने बसवावी लागतात आणि काउंटर गिअरची निडल बेअरिंग व थ्रस्ट वॉशर योग्य जागी घालावी लागतात. हातोडीने ठोकून बसवलेले बेअरिंग पहिल्या दिवसापासून जखमी असते. म्हणून मी बॉक्स स्वतः उतरवून, बाहेरून डिझेलने स्वच्छ धुऊन, ओळखीच्या फिटरच्या टेबलावर नेऊन ठेवण्याचा सल्ला देईन. शक्य असेल तर तो उघडताना शेजारी उभे राहावे. रेंज बदलणाऱ्या शाफ्टचे छर्रे आणि स्प्रिंग झाकण निघताच उडून हरवतात, आणि दोन शाफ्टमधला इंटरलॉकचा छर्रा परत घालायचा राहिला तर पुढचा ॲक्सल जोडलेला नसतानाही लो रेंज लागू शकते, म्हणजे सगळा भार एकट्या मागच्या ॲक्सलवर पडतो.

जुना बॉक्स घेण्याचे कारण एकच रास्त आहे: आपल्या बॉक्सचे कवच तडकले आहे किंवा दात तुटले आहेत. तेव्हा मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा दिल्लीचे मायापुरी येथे शोध घेता येतो. तिथे बॉक्स बाहेरून किती चकाकतो याला अर्थ नाही, कारण तो अनेकदा रंगवलेला असतो. प्रत्येक फ्लँज धरून वर-खाली आणि आत-बाहेर हलवून पाहावा, इनपुट फिरवताना हाताला खरखर लागते का ते जाणावे, न्यूट्रल सोडून बाकी प्रत्येक स्थितीत लिव्हर घालून आउटपुट फिरतो का पाहावे, आणि ड्रेन प्लग उघडून बोटावर ऑईल घ्यावे. प्लग उघडल्यावर काहीच आले नाही, किंवा आतून लालसर पाणी आले, तर तो बॉक्स उघड्यावर पावसात पडून होता, आणि त्याची बेअरिंग आपल्यालाच बदलावी लागणार आहेत. फ्लँजवरील बोल्टच्या भोकांचे अंतर आपल्या शाफ्टशी जुळते का, हे निघण्यापूर्वी कागदावर ठसा घेऊन नेले तर जागेवरच कळते. पावती घ्यावी, आणि परत करण्याची मुदत तीवर लिहून घ्यावी.

४१० चा बॉक्स की ४१३ चा

बॉक्स बदलायचाच असेल तर जिप्सी किंगच्या मालकापुढे आणखी एक दार उघडते. किंगच्या बॉक्समध्ये हाय रेंजचे गुणोत्तर (आउटपुटच्या एका फेरीला इनपुटच्या किती फेऱ्या) १.४०९ आणि लो रेंजचे २.२६८ आहे, तर ४१० च्या बॉक्समध्ये १.५८० आणि २.५११. म्हणजे ४१० चा बॉक्स हायमध्ये सुमारे १२ टक्के आणि लोमध्ये जवळजवळ ११ टक्के अधिक ओढ देतो. याची किंमत रस्त्यावर मोजावी लागते: आज ज्या वेगाला इंजिन ३००० फेऱ्यांवर चालते, त्याच वेगाला ते सुमारे ३३६० फेऱ्यांवर चालेल. मूळच्या २०५/७० आर १५ टायरवर महिन्यातून दोनदा पुणे-कोल्हापूर करणाऱ्याने हा बदल करू नये. आवाज, पेट्रोल आणि थकवा तिन्ही वाढतील.

टायर मोठे घातले असतील तर हिशेब उलटतो. २०५/७० आर १५ चा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर आणि २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३४ मिलिमीटर भरतो, म्हणजे जवळपास १० टक्के वाढ. तेवढीच ओढ गाडीने गमावलेली असते, आणि ४१० चा बॉक्स ती भरून काढून वर थोडी शिल्लक ठेवतो. सह्याद्रीच्या कच्च्या घाटवाटांवर मोठ्या टायरसह दुसऱ्या गिअरमध्ये कुंथणारी किंग या बदलानंतर पुन्हा मोकळेपणाने चढते, म्हणून अशा गाडीला मी हा बॉक्स मनापासून सुचवीन. अमेरिकेत सामुराई या नावाने विकल्या गेलेल्या, याच घराण्यातील गाडीसाठी ४.१६ सारख्या लो रेंजचे गिअर संच मिळतात. परंतु ते खडकांवर इंचाइंचाने चढणाऱ्यांसाठी आहेत, आणि त्यांमुळे वाढलेली ताकद पुढे ॲक्सलच्या शाफ्टवर येते.

महिंद्राच्या जुन्या जीपचा किंवा थारचा मालक हे वाचून कामाला लागणार असेल तर त्याने थांबावे. तिथे ट्रान्सफर बॉक्स गिअरबॉक्सच्या पाठीला थेट जोडलेला असतो, त्यामुळे गिअरबॉक्सला आधार देऊन क्रॉस मेंबर उतरवावा लागतो, आणि दोन्ही एका रेषेत परत जुळवणे अंगणात अवघड जाते. त्या गाड्यांसाठी माझे मत लिफ्ट असलेल्या गॅरेजच्या बाजूने आहे.

जिप्सीचा बॉक्स परत चढवताना माउंटिंगचे नट आधी केवळ हाताने लावावेत, तिन्ही शाफ्ट जोडावेत आणि मगच सगळे आवळावे. आधी माउंटिंग आवळले तर रबर पिळलेल्या स्थितीत बसते आणि लवकर फाटते. ऑईल भरण्याच्या प्लगमधून ओघळू लागेपर्यंत भरावे, आणि ते भरल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. फोर व्हीलची पहिली चाचणी डांबरावर न घेता मातीच्या मैदानावर घ्यावी, कारण या गाडीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे मधले डिफरन्शियल नसल्यामुळे कोरड्या डांबरावर वळताना नव्याने बसवलेल्या दातांवर आणि क्रॉसवर विनाकारण पीळ पडतो. पाचशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा खाली जाऊन प्रत्येक फ्लँज बोल्टवर पाना लावावा आणि ते ऑईल परत परातीत काढून पाहावे.