गुरुवार आणि घरचा नॅस: अनरेड की मर्जरएफएस-स्नॅपरेड?

घरच्या नॅससाठी, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फाइली ठेवणाऱ्या डिस्कच्या खोक्यासाठी, ४ टीबीच्या ३ जुन्या डिस्क आणि ८ टीबीच्या २ नव्या, अशी विजोड मोट बांधायची असेल तर झेडएफएसचा (अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या फाइल सिस्टिमचा) मोह आधी आवरा, असं मी म्हणेन. त्यात खोट नाही. चेकसमच्या, म्हणजे डेटा बिघडला का ते ताडण्याच्या, बाबतीत त्याचा हात धरणारं कोणी नाही. जानेवारी २०२५च्या ओपनझेडएफएस २.३पासून रेडझेडमध्ये, म्हणजे झेडएफएसने बांधलेल्या डिस्कच्या संचात, एकेक डिस्क वाढवताही येते. पण हिशेब सगळ्यात लहान डिस्कचा. माझ्या पाचही रेडझेड-१मध्ये (यात एका डिस्कएवढी जागा सुरक्षेला जाते) टाकल्या, तर आठच्या दोन्ही चारच्याच धरल्या जातात आणि हाती लागतात १६ टीबी. तेच अनरेड (नॅससाठीची विकतची ऑपरेटिंग सिस्टिम) किंवा मर्जरएफएस-स्नॅपरेडमध्ये (पहिलं सगळ्या डिस्क एक करून दाखवतं, दुसरं पॅरिटी काढतं) एक आठची पॅरिटीला, म्हणजे बिघडलेल्या डिस्कवरचा डेटा परत काढून देणाऱ्या हिशेबाला, दिली की उरलेले २० टीबी आपले. पहिली आठची घेऊन मात्र चारच्यापेक्षा जास्त फायदा कुठेच नाही, कारण पॅरिटीला सगळ्यात मोठी डिस्क द्यावी लागते. खरी मजा दुसरीपासून.

तेव्हा निवड या दोघांतली. दोन्हीकडे फाइल अख्खी एकाच डिस्कवर बसते. पॅरिटीच्या आवाक्याबाहेर डिस्क गेल्या, तर गेल्या तेवढ्याच. उरलेल्या दुसऱ्या लिनक्स मशीनला लावून वाचता येतात.

अनरेड मी ३० दिवसांच्या ट्रायलवर चालवलं आणि खरं सांगायचं तर आवडलं. ब्राउझरमधून डिस्क निवडायची, ती क्लिअर होईपर्यंत थांबायचं, झालं. फाइल लिहितानाच पॅरिटी अपडेट होते. त्यामुळे लिहिणं संथ, म्हणून लोक एसएसडीचा कॅशे (फाइलींचा वेगवान तात्पुरता थांबा) लावतात. अनरेडच्या लायसन्सचे पैसे पडतात, पण ते खुपले नाहीत. खुपला तो गुरुवार.

पुण्यात गुरुवार म्हणजे देखभालीसाठी वीज बंद, हे नव्याने सांगायला नको. ट्रायलच्या काळात दोनदा वीज गेली आणि दोन्ही वेळा मी ऑफिसात. ॲरे (डिस्कचा संच) नीट बंद झाला नाही की पुढच्या वेळी सुरू होताना अनरेड आपणहून पॅरिटी चेक, म्हणजे पॅरिटी डेटाशी जुळते का याची तपासणी, काढतं. पाचही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायच्या. माझ्याकडे याला सोळा तास लागले. खोकं हॉलमध्ये टीव्हीखाली, आणि हॉलमध्येच आई झोपते. मध्यरात्री हाक आली, "ती गिरणी बंद कर रे आता!" चेक थांबवता येतो, मी थांबवलाही. पण मग पॅरिटी जुळतेय की नाही, ही टोचणी राहते.

याला उतारा आहे. बॅटरी संपायच्या आत मशीनला बंद व्हायला सांगणारा, डेटा केबलचा यूपीएस असेल तर माझी तक्रार तिथेच निकालात निघते. माझा साधा आहे, राउटरसकट वीस मिनिटं ओढणारा.

मर्जरएफएस-स्नॅपरेडमध्ये वीज गेली तर गेली. पॅरिटी मी रोज पहाटे तीनला काढतो; एरवी त्या नुसत्या ईएक्सटी४च्या (लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमच्या) डिस्क. वीज आली की माउंट होतात, म्हणजे सिस्टिमला जोडल्या जातात, आणि पुढे चालू. नेमकी सिंकच्या, म्हणजे पॅरिटी काढण्याच्या, मध्ये गेली, तर पुन्हा सिंक चालवायची.

बदल्यात काय सोडावं लागतं तेही ऐका. दिवसभरात टाकलेल्या फाइली पुढच्या पहाटेपर्यंत देवाच्या भरवशावर. शिवाय सिंकनंतर एका डिस्कवरच्या ढीगभर फाइली उडवल्या आणि त्याच दिवशी दुसरी डिस्क बंद पडली, तर तिच्यावरच्या काही फाइली परत येणार नाहीत. पॅरिटीच्या गणितातले आकडेच आपण पुसलेले असतात. फोटो, सिनेमे, आईच्या कीर्तनांची रेकॉर्डिंग यांना हे चालून जातं. डेटाबेस किंवा व्हर्च्युअल मशीन ठेवणार असाल तर अनरेडकडेच बघा.

आणि सोयीच्या नावाने बोंब. नवी डिस्क फॉर्मॅट करा, एफएसटॅबमध्ये (लिनक्सच्या डिस्क जोडण्याच्या यादीत) ओळ घाला, स्नॅपरेडच्या कॉन्फिगमध्ये ओळ घाला. मर्जरएफएस जुन्या फाइली स्वतःहून हलवत नाही, आणि क्रिएट पॉलिसी (नवी फाइल कुठे ठेवायची याचा नियम) 'एक्झिस्टिंग पाथ' प्रकारची, म्हणजे फोल्डर आधीपासून असलेल्याच डिस्कवर लिहिणारी, असेल तर नव्या डिस्ककडे ढुंकूनही बघत नाही. माझी आठची दोन आठवडे कोरीच होती, चारच्या काठोकाठ भरत चालल्या होत्या. पॉलिसी बदलून 'एमएफएस' (सगळ्यात जास्त मोकळी डिस्क आधी) केली तेव्हा कुठे गाडी हलली.

तरी घरी आज तेच चालू आहे. तुम्ही अनरेडची ट्रायल जरूर घ्या. फक्त डिस्कवर महत्त्वाचं काही नसताना एकदा मेन स्विच स्वतःच खाली करा, आणि ती रात्र हॉलमध्ये झोपून बघा.