कामोणी लावावी, डोरली की भुईरिंगणी?

पाखरांसाठी, कीटकांसाठी वांग्याच्या कुळातलं देशी झाड लावायचं मनात असेल, तर आपल्याकडे हे तीन पर्याय सहज मिळतात. आधी एक सावधगिरी. कोकणात रस्त्याकडेला पांढऱ्या फुलांचं, माणसाच्या उंचीचं, वाटाण्याएवढ्या फळांचे झुबके असलेलं रानवांगं दिसतं. ते मूळचं अमेरिकेतलं आहे. देशी समजून त्याचं बी आणू नका.

कुंडीएवढीच जागा असेल तर कामोणी. पिकलेली काळी फळं चुरडून बी धुवायचं आणि पावसाच्या तोंडावर मातीवर भुरभुरायचं, बस्स. काटे नाहीत, दोन-तीन महिन्यांत फळ धरतं. बुलबुल पिकलेली फळं गिळतात आणि त्यांच्या विष्ठेतून बी पसरतं. माझ्याकडे दुसऱ्या वर्षी ती तुळशीच्या कुंडीत आपोआप उगवली. हिरवी फळं मात्र विषारी असतात. घरात लहान मूल असेल तर कुंडी उंचावर ठेवा.

परसाला किंवा शेताला बांध असेल, तर माझं मत डोरलीला. झुडूप कमरेच्या वर जातं, काट्यांमुळे कुंपणाचं काम करतं आणि कित्येक वर्षं टिकतं. तिच्या जांभळ्या फुलाजवळ सकाळी जरा थांबून बघा. या कुळातल्या परागकोशांना फक्त टोकाशी बारीक छिद्र असतं. काळा भुंगा फुलाला घट्ट धरतो, पंख न हलवता अंग थरथरवतो, गुणगुण एकदम चढते आणि परागांची पिवळी भुकटी त्याच्या पोटावर सांडते. निळ्या पट्ट्यांची मधमाशीही हेच करते. पोळ्यात राहणाऱ्या सातेरी मधमाशीला ते जमत नाही. म्हणून भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची मधमाशी या एकट्या राहणाऱ्यांसाठी डोरली मोलाची.

भुईरिंगणी काटेरी, जमिनीलगत पसरणारी. कोरड्या माळावर तग धरते, पण जिथे अनवाणी पावलं पडतात तिथे ती नकोच. डोरली आणि रिंगणी दोन्ही आयुर्वेदातल्या दशमुळांत, म्हणजे दहा औषधी मुळांत, आहेत, त्यामुळे रानातून मुळासकट उपटल्या जातात. रोप उपटून आणू नका, बी आणा.

शेजारी वांगी असतील तर तिन्ही लांब ठेवा. ठिपक्यांचे भुंगेरे पानं खरवडतात, शेंडे व फळ पोखरणारी अळीही या रानटी झाडांवर जगते. फवारणी करणारच असाल तर यांतलं काहीच लावू नका. पाखरं तीच फळं खाणार.